हॉटेलात नूतनीकरण चालू आहे, थीम पार्कच्या मुक्कामाचं बुकिंग ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी-आजोबा, आई-वडील आणि चार व सात वर्षांची दोन मुलं असं कुटुंब एका मोठ्या थीम पार्कच्या हॉटेलात पाच रात्री राहणार आहे. पैसे भरून झाल्यावर हॉटेलचा ईमेल आला, की मुक्कामाच्या काळात नूतनीकरणाचं काम ‘दिसू किंवा ऐकू येऊ शकतं’. बुकिंग रद्द करावं का? आणि तिथेच राहायचं ठरलं तर नवी झालेली खोली मागावी की जुनी?

अशा हॉटेलांच्या नूतनीकरणाची आखणी करणं आणि काम चालू असताना पाहुण्यांची व्यवस्था बघणं, ही दोन्ही कामं मी केली आहेत. त्यामुळे हॉटेल काय सांगतं आणि काय सांगायचं राहून जातं, हे दोन्ही मला माहीत आहे. आधी थेट उत्तर देतो. काम फक्त खोल्यांचं असेल आणि तुम्हाला वेगळ्या इमारतीत खोली मिळत असेल तर बुकिंग ठेवा. पोहण्याचा तलाव बंद असेल, सकाळच्या नाश्त्याची मुख्य जागा बंद असेल किंवा पार्ककडे नेणारी सोय बंद असेल, तर तारखा बदला नाहीतर हॉटेल बदला. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. खोलीतल्या ठोकाठोकीला घाबरून चांगलं बुकिंग रद्द करतात, आणि तलाव बंद असल्याची ओळ वाचूनही ‘चालेल’ म्हणतात.

असं का म्हणतो, ते पाहुण्याच्या दिवसावरून कळेल. शहरातल्या हॉटेलात पाहुणा सकाळी नऊला बाहेर पडतो आणि संध्याकाळी परततो, म्हणून मधल्या वेळात ड्रिल चालवलं तरी कुणाची झोप मोडत नाही. थीम पार्कच्या हॉटेलातला दिवस निराळा असतो. कुटुंब पहाटे उठतं, पार्क उघडायच्या आधी दारात जाऊन उभं राहतं, आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास ऊन व गर्दी वाढली की मुलांना घेऊन खोलीवर येतं. मुलं झोपतात, आजी-आजोबा पाठ टेकतात. चार-पाचला मंडळी पुन्हा बाहेर पडतात आणि आतषबाजी संपल्यावर रात्री उशिरा परततात. कंत्राटदाराचे सगळ्यात गोंगाटाचे तास साधारण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, म्हणजे दुपारची झोप नेमकी त्यातच येते. थीम पार्कच्या हॉटेलात मी कामाच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी बघतो ते हेच: एक ते चार या वेळात तोडफोड आणि ड्रिलिंग थांबतं का? चांगलं व्यवस्थापन या वेळात रंगकाम, वायरिंग, पडदे लावणं अशी शांत कामं ठेवतं. त्यामुळे काम किती आणि कोणकोणतं, हे विचारण्याआधी ते कोणत्या तासांत चालतं ते विचारा.

मग हॉटेल सरळ बंदच का ठेवत नाहीत? काही ठेवतातही. डिस्नेलँड पॅरिसमधलं हॉटेल न्यूयॉर्क जानेवारी 2019 मध्ये पूर्ण बंद केलं आणि 21 जून 2021 ला मार्व्हलच्या कलेवर आधारलेलं हॉटेल म्हणून उघडलं. मधे साथीचा काळ आल्याने उघडणं लांबलं. त्याच पार्कच्या प्रवेशद्वारावरचं डिस्नेलँड हॉटेल 2020 पासून बंद होतं, ते 25 जानेवारी 2024 ला नव्या रूपात सुरू झालं. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या पॉलिनेशियन हॉटेलाचंही तसंच. साथीमुळे बंद असताना खोल्या आणि पुढचा दर्शनी भाग नवा करून ते जुलै 2021 मध्ये पाहुण्यांसाठी खुलं केलं. पूर्ण बंद ठेवून केलेलं काम जवळजवळ नेहमीच सरस होतं, कारण पाइप, वायरिंग आणि गळती यांना एकदाच हात घालता येतो. पण मोठ्या पार्कच्या हॉटेलांच्या खोल्या जवळपास वर्षभर भरलेल्या असतात. बंद खोलीमागे फक्त भाडं बुडत नाही, तिथल्या कुटुंबाची पार्कातली खरेदी आणि जेवणंही बुडतात. म्हणून बहुतेक ठिकाणी चालू हॉटेलातच टप्प्याटप्प्याने काम उरकतात, आणि तुमच्यासारखा ईमेल येतो.

या टप्प्यांचं तंत्र समजलं की खोली मागताना उपयोग होतो. काम वरवरचं असेल, म्हणजे गाद्या, पडदे, कार्पेट, रंग, दिवे, तर मजल्यामजल्याने केलं जातं. एक मजला पूर्ण रिकामा करून आठ-पंधरा दिवसांत उरकता येतो, आणि त्याचा त्रास फारसा होत नाही. बाथरूम तोडून नवी करायची असेल तर मजला पुरत नाही. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप इमारतीत उभे जातात, एकाखाली एक अशा सगळ्या बाथरूम एकाच पाइपवर असतात. त्यामुळे ती उभी रांगच्या रांग बंद करावी लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना राहणारे पाहुणे उरतात. टाइल्स फोडण्याचा आवाज हवेतून कमी आणि काँक्रीटमधून जास्त जातो. सहाव्या मजल्यावरच्या स्लॅबला ड्रिल लागलं की तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते उशाशी चालल्यासारखं ऐकू येतं. दार-खिडकी बंद करून काही फरक पडत नाही.

कामाच्या मजल्याच्या वर आणि खाली एकेक मजला रिकामा ठेवण्याची पद्धत आहे. हॉटेलं ते मोठ्या विश्वासाने सांगतात आणि सांगताना त्यांचा हेतू खराच असतो. पण गर्दीचा शनिवार आला, बुकिंग जास्त झालं, की सगळ्यात आधी विकले जातात ते हेच रिकामे मजले. म्हणून ‘कामापासून दूरचा मजला द्या’ अशी विनंती करू नका. ‘ज्या इमारतीत काम नाही त्या इमारतीत खोली द्या’ असं लिहा. थीम पार्कची अनेक हॉटेलं सुट्या इमारतींची असतात, त्यामुळे ही मागणी पुरी करणं शक्य असतं. एकाच उंच इमारतीचं हॉटेल असेल तर इमारतीच्या दुसऱ्या पंखातली (विंगमधली), लिफ्टच्या पलीकडची खोली मागा. इमारतीच्या दोन पंखांमध्ये बांधकामाचा सांधा असेल तर काँक्रीटमधला आवाज तिथे बराच अडतो.

इथे एका जुन्या समजाबद्दल सांगायलाच हवं, कारण तो अजूनही प्रवासाच्या गप्पांमध्ये निघतो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं कंटेम्पररी हॉटेल 1 ऑक्टोबर 1971 ला मॅजिक किंगडम पार्कसोबत सुरू झालं. त्याच्या खोल्या यू. एस. स्टील कंपनीने जवळच्या कारखान्यात तयार केल्या, आतल्या सामानासकट, आणि क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात बसवल्या. नूतनीकरणाची वेळ आली की खोली खणासारखी बाहेर ओढायची, नवी करून परत सरकवायची, अशी योजना होती आणि अजूनही तसंच होतं, असं लोक सांगतात. तसं कधी झालं नाही. एकदा बसवल्यावर त्या खोल्या इमारतीचाच भाग झाल्या आणि तिथलं प्रत्येक नूतनीकरण इतर हॉटेलांप्रमाणे आत शिरून, कॉरिडॉरमधून मलबा बाहेर नेऊनच झालं आहे. 2021 मध्ये त्या खोल्यांना ‘द इन्क्रेडिबल्स’ या अ‍ॅनिमेशनपटातल्या पात्रांवर आधारलेलं रूप दिलं, तेही असंच. यातून पाहुण्याने लक्षात घ्यायचं ते हे, की कोणतंही आधुनिक बांधकाम असो, मलबा कॉरिडॉर आणि लिफ्टमधूनच जातो.

लिफ्टचं तर विशेषच. मोठ्या हॉटेलात सामानाची लिफ्ट वेगळी असते आणि हाऊसकीपिंगचं सगळं काम तिच्यावर चालतं. नूतनीकरण सुरू झालं की तीच लिफ्ट मजुरांनाही लागते. चादरी आणि टॉवेलच्या गाड्या अडकतात, खोल्या तयार व्हायला उशीर होतो, आणि दुपारी तीनला मिळणारी खोली पाच-साडेपाचला मिळते. पाहुण्यांना वाटतं रिसेप्शनवरचे लोक ढिलाई करताहेत. खरी अडचण मागच्या लिफ्टपाशी असते. प्रवास करून पोहोचण्याच्या दिवशी खोली वेळेवर मिळेल असं गृहीत धरू नका. आजी-आजोबांची औषधं, मुलांचे कपडे आणि पोहण्याचे कपडे एका वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवा. बाकीचं सामान हॉटेल सांभाळतं.

आता पोहण्याच्या तलावाबद्दल, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. पार्क म्हणजे मुलांसाठी दिवसभराच्या रांगा, आवाज आणि ‘अजून थोडा वेळ थांब’. तलावात रांग नसते. माझ्या अनुभवात चार-पाच वर्षांच्या मुलाला सहलीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर तलाव किंवा त्यातली घसरगुंडी असंच येतं. मोठ्यांसाठीही दुपारची ती दोन तासांची विश्रांती तिथेच होते. मुख्य तलाव बंद असेल तर हॉटेल सहसा लिहितं, की ‘इतर तलाव उपलब्ध आहेत’. ते खरं असतं, पण त्या तलावाला घसरगुंडी असेलच असं नाही, जीवरक्षक असेलच असं नाही, आणि सगळ्या हॉटेलची मुलं त्या एकाच लहान तलावात उतरलेली असतात. शेजारच्या हॉटेलचा तलाव वापरायला देतात का, हे आधी लेखी विचारा. तलावाचं काम ठरलेल्या तारखेला संपतं यावरही फार विसंबू नका. पाण्याखालच्या कामाला थर सुकण्याची वाट बघावी लागते, मग चाचण्या, मग आरोग्य खात्याची तपासणी. पावसाने एक आठवडा खाल्ला की सगळं पुढे सरकतं. तुमच्या पोहोचण्याच्या तारखेआधी चार-पाच दिवस तलाव उघडणार असं सांगितलं असेल, तर मी तो बंदच धरून निर्णय घेईन.

नाश्त्याची जागा बंद असण्याचा फटका वेगळ्या प्रकारे बसतो. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज प्रत्येक पार्कात इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. हा अर्धा तास सोन्याचा असतो, कारण एरवी लांबलचक रांग लागणारी राइड त्या वेळात पटकन मिळू शकते. पण हॉटेलातलं मोठं भोजनालय बंद असेल आणि सगळे पाहुणे एका तात्पुरत्या काउंटरवर उभे असतील तर तो अर्धा तास पोळीसारखा तव्यावरच राहतो, ताटात येत नाही. कॅरिबियन बीच या विस्तीर्ण हॉटेलात 2018 साली मुख्य इमारत नवी होत असताना जेवणाची तात्पुरती सोय करावी लागली होती. अशा काळात राहणार असाल तर खोलीत लहान फ्रिज आहे का ते बघा, आदल्या रात्रीच सकाळचं खाणं आणून ठेवा.

पार्कपर्यंत पोहोचण्याची सोय चालू आहे ना, हेही याच ओघात तपासा. फ्लोरिडात पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही हॉटेलं स्कायलायनर नावाच्या केबल गाडीने दोन पार्कांना जोडलेली आहेत. ती 29 सप्टेंबर 2019 ला सुरू झाली. देखभालीसाठी ती कधी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा बस असते, पण ‘गाडीने पार्कात जाऊ’ म्हणून जास्त पैसे भरलेल्या कुटुंबाचा हिरमोड होतो. उलट एखाद्या हॉटेलचा खरा फायदा कामामुळे अजिबात कमी होत नसेल तर बुकिंग सोडण्याची घाई करू नका. युनिव्हर्सल ऑरलँडोमध्ये पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना दोन जुन्या पार्कांत रांग टाळण्याचा एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो. नवीन एपिक युनिव्हर्स पार्कात तो चालत नाही. या तीन हॉटेलांच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकचे पडदे लटकत असले तरी पार्कात वाचणारे तास जास्त मोलाचे आहेत, असं माझं मत आहे.

आता दुसरा प्रश्न, नवी खोली की जुनी. सहसा मी नवी म्हणेन, पण दोन अटींवर.

आधी नव्या खोल्यांत काय बदलतं ते बघू. पॉप सेंच्युरी हे 2,880 खोल्यांचं हॉटेल. तिथे जुन्या खोल्यांत दोन डबल बेड आणि कार्पेट होतं. 2017–18 च्या सुमारास झालेल्या नूतनीकरणात एक मोठा क्वीन बेड ठेवला, आणि दुसरा क्वीन बेड भिंतीतून खाली येणारा केला. दिवसा त्या जागी टेबल असतं. कार्पेट गेलं, लाकडासारखी कडक फरशी आली. बेडची उंची वाढवून खाली सूटकेस सरकवण्याची जागा केली. लहान खोलीत इतका विचार करून केलेला बदल मला मनापासून आवडतो. दिवसा मुलांना फरशीवर खेळायला जागा मिळते, सांडलेलं पुसता येतं, धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना कार्पेटचा त्रास होत नाही. पण याच्या दोन बाजू तुमच्या कुटुंबाने विचारात घ्याव्यात. दुपारी मुलं झोपली की बेड खाली आलेला असतो आणि टेबल नाहीसं झालेलं असतं, मोठ्यांना बसायला जागा उरत नाही. आणि कडक फरशीवर धावणाऱ्या मुलांची पावलं खालच्या खोलीत वाजतात. अशा हॉटेलात सर्वात वरचा मजला मागावा.

नव्या खोल्यांमध्ये मला एक गोष्ट सारखी खटकते. खण असलेली कपाटं जातात आणि उघड्या फळ्या येतात. फोटोत त्या मोकळ्या, हवेशीर दिसतात. पाच रात्रींचं सहा जणांचं सामान त्यावर आलं की तिसऱ्या दिवशी कुणाला काही सापडत नाही. बाथरूमला सरकतं दार बसवण्याची पद्धतही खूप पसरली आहे. जागा वाचते हे खरं, पण कडेने फट राहते. रात्री एकजण उठला की दिव्याची उभी रेघ सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडते, आणि आवाजाला तर आडकाठीच नसते. आई-मुलं-आजी एकाच खोलीत झोपणार असतील तर याचा विचार करा. चांगल्या नूतनीकरणात बाथरूममध्ये पायाशी लागणारा मंद दिवा असतो, प्रत्येक बेडच्या दोन्ही बाजूंना प्लग असतात, ओले पोहण्याचे कपडे वाळत घालायला दोरी किंवा खुंट्या असतात. हे फोटोत दिसत नाही. म्हणून हॉटेलच्या जाहिरातीतले फोटो सोडून पाहुण्यांनी काढलेले व्हिडिओ बघा, आणि त्यातही दार, प्लग व कपाट यांच्याकडे लक्ष द्या.

विषयाला धरून केलेली सजावट हा थीम पार्क हॉटेलचा प्राण आहे, आणि तिच्याबद्दल मला फार कळकळ आहे. खोली सजवण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे कोरं पांढरं-करडं बांधकाम करायचं आणि भिंतीवर एका पात्राचं मोठं चित्र लावायचं. स्वस्त पडतं, पुढच्या वेळी चित्र बदललं की झालं. दुसरा मार्ग खोलीतल्या वस्तूंमध्येच गोष्ट गुंफण्याचा. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँड हॉटेलात बेडच्या डोक्याशी कोरीव लाकडी फळी आहे, त्यावर किल्ला आहे. बटण दाबलं की बारीक दिव्यांची आतषबाजी उजळते आणि अंगाईसारखी धून वाजते. मुलांना झोपवण्याचं काम ती फळी करते. सजावट रोजच्या एखाद्या गरजेला अशी जोडलेली असली तर ती जुनी होत नाही. हॉटेल न्यूयॉर्कमध्ये साडेतीनशेहून जास्त कलाकृती लावल्या, म्हणजे कॉरिडॉरमधून चालणंही बघण्यासारखं झालं. तुमच्या मुलांना एखाद्या पात्राचं वेड असेल तर त्या विषयाची खोली जरूर घ्या. मुलं अजून लहान असतील आणि पात्रांची ओळख नसेल, तर त्यासाठी जास्त भाडं देऊ नका.

सगळी हानी मात्र भरून निघत नाही. पॉलिनेशियनच्या लॉबीत 1971 पासून मोठा धबधबा आणि दाट झाडी होती. आत पाऊल टाकलं की पाण्याचा आवाज आणि दमट हिरवा वास यायचा. तो धबधबा 2014 मध्ये काढला, त्याच्या जागी लहान पाण्याची रचना आली आणि लॉबी मोकळी झाली. देखभालीचा खर्च आणि गर्दीची सोय ही कारणं मला समजतात. तरी त्या जागेतलं ते पाणी लोक अजून आठवतात, आणि त्यात नवल नाही. दिवसभर पार्कात तापून आलेल्या माणसाला तो पहिला क्षण खोलीपेक्षाही मोठा वाटायचा. ओहायोमध्ये ईरी सरोवराकाठी सीडर पॉइंट पार्कचं हॉटेल ब्रेकर्स 1905 पासून उभं आहे. त्याला 1987 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता. नंतरच्या पाडापाडीमुळे आणि बदलांमुळे मूळ इमारतीचा बराच भाग गेला आणि 2001 मध्ये तो दर्जा काढून घेतला. नूतनीकरणाचा आराखडा मंजूर होताना या गोष्टींची किंमत कागदावर कुठेच नसते, म्हणून त्या आधी जातात. पाहुण्यांनी अभिप्रायात ‘लॉबीतलं अमुक ठेवा’ असं स्पष्ट लिहावं. असे अभिप्राय बैठकीत वाचले जातात.

नूतनीकरणाच्या निमित्ताने खोल्यांचा प्रकारही बदलतो, त्याबद्दल थोडं. डिस्ने वर्ल्डमधल्या वाइल्डरनेस लॉजच्या काही हॉटेल खोल्यांच्या जागी 2017 मध्ये डिस्नेच्या सुट्टी-योजनेच्या सभासदांसाठीची कॉपर क्रीक घरं झाली. तिथल्याच ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलची एक इमारत 2022 मध्ये तशीच बदलली. पॉलिनेशियनला लागून आयलँड टॉवर 17 डिसेंबर 2024 ला उघडला. स्वयंपाकघर असलेल्या मोठ्या घरांत सहा-आठ माणसं राहतात, त्यामुळे तलाव आणि नाश्त्यावरची गर्दी खोल्यांच्या आकड्यावरून कळत नाही. तुम्ही सहा जण आहात, म्हणून दोन लहान खोल्यांऐवजी असं एखादं घर परवडतं का, हे मात्र बघण्यासारखं आहे.

आता त्या दोन अटी. पहिली अट वासाची. नवा रंग, कार्पेटचा गोंद, प्लायवुडचं फर्निचर यांच्यातून पहिले काही आठवडे वाफा निघत राहतात. डोकं दुखतं, दम्याच्या माणसाला त्रास होतो. चांगली हॉटेलं खोली तयार झाल्यावर काही दिवस वारा खेळवून मगच ती देतात, पण गर्दीत तेवढी सवड मिळत नाही. म्हणून ‘नुकतीच झालेली’ खोली मागू नका, ‘निदान महिनाभर वापरात असलेली नवी खोली’ मागा. त्याने दुसराही फायदा होतो. कंत्राटदाराने खोली सोपवल्यावर उरलेल्या त्रुटींची यादी, आमच्या भाषेत स्नॅग लिस्ट, पहिल्या महिन्यात मिटते. शॉवरचं पाणी बाहेर येणं, दार घासणं, एसीचा थेंब पडणं, हे सगळं पहिल्या काही पाहुण्यांच्या वाट्याला येतं.

दुसरी अट पाण्याची, आणि ही आजी-आजोबांसाठी आहे. खोल्या कित्येक आठवडे बंद राहिल्या की पाइपमधलं पाणी साचून राहतं. कोमट साचलेल्या पाण्यात, साधारण 25 ते 45 अंश सेल्सिअसमध्ये, लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. शॉवरच्या बारीक तुषारांतून ते श्वासात गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि फुप्फुसांचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना धोका जास्त. जबाबदार हॉटेलात बंद खोल्यांचे नळ ठरावीक दिवसांनी सोडून पाणी वाहतं ठेवतात आणि त्याची नोंद करतात. पाहुण्याने ते विचारायला काहीच हरकत नाही: ‘बंद मजल्यांवरचे नळ किती दिवसांनी सोडता?’ उत्तर लगेच आलं तर ते काम होतंय. काळजीने म्हणून खोलीत गेल्यावर शॉवरचा आणि बेसिनचा गरम नळ काही मिनिटं सोडून ठेवा, तेवढा वेळ सगळे बाथरूमच्या बाहेर थांबा. आजी-आजोबांपैकी कुणाला फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मी त्यांच्यासाठी सतत वापरात असलेली जुनी खोलीच घेईन.

आजी-आजोबांच्या बाथरूमबद्दल आणखी एक. नव्या खोल्यांत बऱ्याच ठिकाणी टब काढून सपाट शॉवर केलेले असतात. वृद्धांना टबच्या काठावरून पाय टाकावा लागत नाही, हे फार चांगलं. पण तुमच्या चार वर्षांच्या मुलाला टब हवासा वाटेल. दोन खोल्या घेणार असाल तर एक शॉवरची आणि एक टबची, आणि मधलं दार जोडलेलं, अशी मागणी करा. चाकाची खुर्ची किंवा आधाराच्या दांड्या लागत असतील तर ते ‘विनंती’ म्हणून न लिहिता ‘गरज’ म्हणून लिहा. अमेरिकेत अपंगांसाठीच्या कायद्यानुसार नूतनीकरण करताना त्या भागापर्यंतचा मार्गही, ठरावीक खर्चाच्या मर्यादेत, सुगम करावा लागतो. अशा खोल्या मोजक्या असतात आणि काम चालू असताना त्यांतल्याही काही बंद असतात, म्हणून आजच विचारा.

पैशांचं बोलणं मुक्कामाआधी करा. परत आल्यावर केलेली तक्रार हॉटेलला फाइल बंद करण्याएवढीच महत्त्वाची वाटते. आधी विचारलं तर त्यांच्या हातात देण्यासारखं बरंच असतं: तारखा विनादंड बदलणं, दुसऱ्या हॉटेलात हलवणं, वरच्या दर्जाची खोली, जेवणाचे कूपन. दृश्यासाठी जास्त पैसे भरले असतील तर ते ठामपणे विचाराच. टोकियो डिस्नेसीमधलं मिराकोस्टा हॉटेल पार्कच्या आतच आहे, खिडकीतून थेट बंदर दिसतं, आणि अशा खोल्यांचं भाडं त्या खिडकीसाठीच असतं. कुठल्याही हॉटेलात तुमच्या खिडकीसमोर परांची बांधलेली असेल, तर दृश्याचा जादा दर परत मागणं पूर्ण रास्त आहे.

हॉटेलला लिहायचा मजकूर असा ठेवा: ‘आमचा मुक्काम अमुक तारखांना आहे. सोबत दोन वृद्ध आणि दोन लहान मुलं आहेत, आम्ही रोज दुपारी एक ते चार खोलीवर असू. काम कोणत्या इमारतीत आणि कोणत्या वेळेत चालणार आहे? मुख्य तलाव, सकाळचं भोजनालय आणि पार्ककडे जाणारी वाहतूक या काळात चालू असेल का? काम नसलेल्या इमारतीत, किमान महिनाभर वापरात असलेल्या जोडखोल्या द्याव्यात. हे शक्य नसेल तर तारखा किंवा हॉटेल बदलण्याचे पर्याय कळवावेत.’ उत्तरात इमारतीचं नाव आणि वेळ आली तर बुकिंग ठेवा. पुन्हा तेच ‘दिसू किंवा ऐकू येऊ शकतं’ आलं तर एकदा फोन करा, आणि तरीही उत्तर मोघमच राहिलं तर रद्द करण्याची मुदत संपण्याआधी रद्द करा.

पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी खोली बघा. वास, गरम पाणी, एसी, बाहेर पडण्याचे दोन्ही जिने. कामामुळे एखादा जिना बंद असू शकतो, म्हणून दुसरा कुठे आहे ते मुलांनाही दाखवून ठेवा. काम जवळच असल्याचं दिसलं तर लगेच सांगा. त्या क्षणी खोली नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत पुन्हा रिसेप्शनवर जा. त्या दिवशी रिकाम्या होणाऱ्या खोल्या कुणाला द्यायच्या, याची यादी सकाळीच बनते, आणि दुपारी बारानंतर तिच्यात बदल करणं त्यांनाही जड जातं.